मदत हवी आहे: सुरगाण्याकडच्या कोकणा घराण्याची वंशावळ बडोद्यातून कशी शोधावी?

नमस्कार मंडळी. आजोबा 1956च्या सुमारास सुरगाणा तालुक्यातून (जि. नाशिक) बडोद्याला गिरणीत कामाला आले. आडनाव पवार. 'आपण कोकणा', म्हणजे कोकणा या आदिवासी जमातीचे, एवढंच घरात माहीत. वडिलांच्या इथल्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू मराठा' आहे. मागच्या पिढ्या शोधायच्या आहेत. सुरुवात कुठून करू? डीएनए चाचणीचा उपयोग होईल का?

मांडवीकर:
डीएनएवर पैसे घालू नका. त्यातून जमात कळत नाही आणि कुठलंही सरकारी कार्यालय तो अहवाल धरत नाही. आडनावावरही विसंबू नका. पवार मराठ्यांत आहेत, भिल्लांत आहेत, कोकणांतही आहेत.

आधी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आत्याला गाठा. नुसतं गाव पुरत नाही, पाडा विचारा. कुळ कोणतं, सोयरीक कुठल्या कुळांशी होत नाही, कणसरी (धान्यदेवी) आणि डोंगऱ्यादेव (डोंगराचा देव) यांचं घरात काय करत, हे तिच्याच शब्दांत रेकॉर्ड करून ठेवा. कागद पुढेही मिळतील, ही माणसं मिळणार नाहीत.

दफ्तरी:
आता कागद. सुरगाणा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं कोतवाल बुक, मागा. नक्कल अर्जात गाव, पाडा आणि वर्षांचा टप्पा लिहा. आजोबांच्या अंदाजे जन्मवर्षाच्या पाच वर्षं मागेपुढे धरा, कारण शाळेत घातलेली जन्मतारीख बहुतेकदा अंदाजाची असते.

नेमकं इथे लोक चुकतात: आजोबांचं नाव शोधत बसतात. या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच, फक्त बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. म्हणून पणजोबांच्या नावाने शोधा. जुन्या नोंदीत आडनावही नसतं, 'सोमा बिन लखमा' (लखमाचा मुलगा सोमा) अशी ओळ असते. सोमा, सोम्या, सोमजी हा एकच माणूस असू शकतो. पण एकच आहे हे ठरवायला बापाचं नाव आणि पाडा दोन्ही जुळायला हवेत. वारानुसार नावं ठेवायची रीत असल्याने एका पाड्यात तीन सोमा निघतात.

जमीन असेल तर जुना सातबारा आणि त्यावरचे फेरफार, गाव नमुना 6, काढा. वारस फेरफारात मयताची सगळी मुलं एका जागी सापडतात. वंशावळीसाठी याहून मोलाचा कागद नाही.

जातीच्या रकान्यात 'कोकणी' किंवा 'कुणबी' दिसलं तर दचकू नका, तिकडे कोकणांना कुणबीही म्हणत. गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत डांग जिल्ह्यापुरता 'कुणबी' आजही आहे.

धागाकर्ता:
खूप आभार. नोंदी मोडीत असल्या तर? आणि जमातीचा दाखला पुढे इथूनच मिळेल का?

दफ्तरी:
मोडी नोंद असेल तर आधी प्रमाणित नक्कल घ्या, मग जाणकाराकडून लिप्यंतर. मोबाइलवरचा फोटो पुरावा म्हणून चालत नाही.

दाखल्याचं म्हणाल तर अनुसूचित जमातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश 6 सप्टेंबर 1950चा. त्या दिवशी घराणं जिथे राहत होतं तिथलं कार्यालय मूळ दाखला देतं. आजोबा 1956ला आले, म्हणजे तुमचा अर्ज सुरगाणा ज्यांच्याकडे येतो त्या प्रांताधिकाऱ्यांकडे. कोकणा जमात दोन्ही राज्यांच्या यादीत असली, तरी स्थलांतराने गुजरातच्या सवलती आपोआप लागू होत नाहीत.

मांडवीकर:
वडिलांच्या दाखल्यावरचं 'मराठा' आत्ताच बदलायला जाऊ नका. बडोद्यात मराठी बोलणाऱ्याला सरसकट मराठा लिहिलं जायचं. ती दुरुस्ती 1950च्या आधीची नोंद हातात आल्यावरच टिकेल.

त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिलेल्या वह्यांची फार आशा धरू नका. पाड्यावरची घरं त्यात क्वचित सापडतात.