अजब बंगल्यात पोरांसाठी कार्यक्रम कधी असतात?

महालवाला: भाचा पाचवीत आहे, सुट्टीत येऊन राहिला नागपूरले. नुसत्या काचेतल्या वस्तू पाहून पोरगं लगेच कंटाळते म्हणून विचारतो, अजब बंगल्यात म्हणजे आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात वर्कशॉप, व्याख्यान असं काही असते का?

बर्डीकर: 18 मे जागतिक संग्रहालय दिन अन् 19 ते 25 नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह, जास्त करून म्युझियमवाले कार्यक्रम तेव्हाच ठेवतात. आधी फोन करा, अन् सोमवारी जाऊ नका, बंद असते.

धरमपेठची ताई: कार्यक्रम नसला तरी न्या हो भाऊ, 1863 चं म्युझियम आहे आपलं, अन् अर्ध्या नागपूरनं आतून पाहिलंच नाही याचं मले खरंच वाईट वाटते. सगळी दालनं एका दिवशी पळवत दाखवू नका. ब्राह्मी या जुन्या लिपीतल्या शिलालेखासमोर वही-पेन्सिल देऊन बसवा, ब्राह्मीतला क म्हणजे चक्क बेरजेचं चिन्ह, माझी लेक तो शोधत बसली ते उठायलेच तयार नव्हती!

बर्डीकर: अन् मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम विसरू नका, जुनी इंजिनं पाहून पोरं लई खूश होतात.

महालवाला: मस्त, उद्याच फोन करतो.