काळं झिंक पावसाळ्यात करडं पडतंय, तेल मारू का?

प्रश्न
नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं प्रेस शॉप आहे. सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो, त्यावर काळं झिंक, म्हणजे गंज धरू नये म्हणून झिंकचं काळं प्लेटिंग, बाहेरून करून घेतो. माल येतो तेव्हा काळाभोर असतो. पाऊस लागला की गोदामातच कडा करड्या, मध्ये इंद्रधनुषी झाक, काहींवर पांढरी भुकटी. प्लेटिंगवाला म्हणतो, "हवाच दमट, काय करणार?" वरून तेल मारलं तर चालेल?

उत्तर १
आम्ही मारतो. पावसाळा निभतो. असेंब्लीवाले मात्र हात काळे झाले म्हणून ओरडतात.

उत्तर २ (प्लेटिंगमधून रिटायर, दांडिया बाजार)
दादा, तेलाचं नंतर बघू. काळं म्हणजे वर दिलेला रंग नव्हे. झिंक चढवल्यावर माल पॅसिव्हेशनच्या, म्हणजे क्रोमियमच्या रसायनाच्या पाण्यात बुडवतात. ते पाणी खालचं झिंक थोडं खातं आणि त्यातूनच तो पापुद्रा धरतो. झिंकच पातळ असेल तर काळं टिकणार कशावर? ८ मायक्रॉनच्या खाली मी काळ्याचं काम घेतच नसे. आधी थराची जाडी मोजायचा मीटर लावा, पत्र्याच्या मधोमध आणि खोलगट भागातही. करंट कडांवर जास्त धावतो, त्यामुळे कडेचं माप फसवं असतं.

कडा करड्या म्हणजे बहुतेक घासल्यात. ओला पापुद्रा मऊ असतो आणि बॅरलमधून, म्हणजे प्लेटिंगच्या फिरत्या पिंपातून, माल एकमेकांवर आपटतो. इंद्रधनुष्य दिसलं तर पापुद्रा पातळ: पाणी थकलंय, पीएच सरकलाय, किंवा झिंकवर ब्राइटनरचा (चकाकी आणणाऱ्या रसायनाचा) थर राहिलाय. पांढरी भुकटी ही झिंकचीच गंज. धुलाई कच्ची, किंवा सीलर, म्हणजे पापुद्र्यावरचा शेवटचा संरक्षक थर, मारलेलाच नाही. पॅसिव्हेशन दोन प्रकारचं: नवं ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं आणि जुनं, विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं. ट्रायव्हॅलंट काळ्याला सीलर हवाच, तिथे काटकसर नको. जुन्या हेक्साव्हॅलंटचं दुखणं वेगळं, ६०-७० अंशांवर सुकवलं की पापुद्र्याला तडे जातात.

आणि माल गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. आत घाम धरतो.

प्रश्नकर्ता
काका, मीटर मागून आणला. मधोमध ४-५ मायक्रॉन, कडेला ९.

उत्तर २
मग हवेला कशाला दोष? आता चलनावर स्पष्ट लिहा: मधोमध किमान ८ मायक्रॉन, ट्रायव्हॅलंट काळं, वर सीलर, शेवटची धुलाई डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार पृष्ठभागावर राहिले की डाग पडतात. माल युरोपात जात असेल तर ट्रायव्हॅलंट सोडू नका. रोहसमध्ये (विजेच्या-इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा नियम) हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा ०.१ टक्का आहे. ब्रॅकेट मोठे असतील तर बॅरल नको, रॅकवर (एकेक नग टांगून) लावायला सांगा. किलोमागे दर वाढवून मागेल. द्या. पण प्रत्येक लॉटमधले थोडे नग स्वतः मोजल्याशिवाय बिल पास करू नका.