बरणीला भोक पाडून दिवा? मला हे पटत नाही

माजघर :
परवा इथे एक फोटो आला. आजीची लोणच्याची बरणी, वर तपकिरी, खाली पिवळसर. बुडाजवळ ड्रिलने भोक पाडून वायर बाहेर काढलेली आणि तोंडावर तागाची शेड. सोबत मजकूर, 'माळ्यावर धूळ खाण्यापेक्षा बैठकीत शोभते.' खाली कौतुकाचा पूर. दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून वेगळा धागा.

बरणी धूळ खात होती, कारण आपण लोणचं घालणं सोडलं. त्यात बरणीचा काय दोष? माझ्याकडे आईची आठ किलोची बरणी आहे. मे महिन्यात ती धुऊन दोन दिवस उन्हात ठेवते, कैऱ्या फोडते, भरते, तोंडाला फडक्याचा दादरा बांधते आणि हॉलच्या कोपऱ्यात पाटावर मांडते. आलेला माणूस आधी तिच्याकडे बघतो. जुनी भांडी घरात मांडायची तर अशी, कामासकट. भट्टीत मीठ टाकून चढवलेली ती झिलई आंबट-खारटाला दाद देत नाही. भोक पाडलं की बरणी संपली.

शेंडेफळ :
तो फोटो माझा आहे.

आजी गेल्यावर भांडी वाटली गेली. तांबं-पितळ सगळ्यांना हवं होतं, बरणी कुणालाच नको होती. मी ती रिक्षातून मांडीवर धरून आणली. बुडाला आधीच चीर होती, तेल पाझरायचं. त्या चिरेवरच भोक पाडलं. डायमंड बिट, वरून पाण्याची धार, हळूहळू, तासभर. माझ्या घरात पाट मांडायला कोपरा नाही, पण रोज संध्याकाळी तो दिवा लागतो आणि मुलगी त्याला 'पणजीचा दिवा' म्हणते. आणि ही काही पुरावस्तू नव्हे. १९७२ च्या कायद्याने त्याला किमान शंभर वर्षं लागतात. ही कारखान्यातली, आजीने लग्नानंतर घेतलेली. तुम्हाला झोंबलंय काय नक्की?

खापर :
माजघर, एक दुरुस्ती. दुरंगी बरणी मिठाच्या झिलईची नसते. ती वरून एका आणि खालून दुसऱ्या झिलईत बुडवलेली असते. मिठाची झिलई वेगळी. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास गेली की आत मीठ टाकतात, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी मिळून काच होते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. तुमच्या आईच्या बरणीवर हात फिरवून बघा.

शेंडेफळ, 'कारखान्यातली' म्हणून कमी लेखू नका. सौराष्ट्रात थान, मोरबीकडे हा धंदा उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुळे हे मराठी गृहस्थ होते. आपल्या स्वयंपाकघरांचा तो इतिहास आहे. १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरींनी सुरू केलेल्या पॉटरीचे नमुने आज भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात काचेआड आहेत. आपण तेवढ्यालाच कला म्हणतो आणि बरणीला भांडं. हे मला अनेक वर्षं खुपतंय.

आणि सगळ्यांनाच सांगतो, जुन्या बाजारातून आणलेल्या रंगीत नक्षीच्या मातीच्या वाडग्यांत दही-लोणचं वाढू नका. कमी आचेवर भाजलेल्या जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं, आंबटाने ते सुटतं. ती भिंतीवरच बरी.

धाकटी सून :
तुम्ही सगळे बरणीच्या प्रेमात आहात. मी नाही. सासरी दहा वर्षं ती बरणी मी घासली, उन्हात नेली, माळ्यावर चढवली. पण महिन्यातले चार दिवस तिच्या सावलीलाही जायचं नाही, लोणचं नासतं म्हणे. एकदा पहिल्या दिवशी चुकून दादरा सोडला. दीरांसमोर, पाहुण्यांसमोर मला बोलले. ते अख्खं लोणचं ओतून दिलं. मी कैऱ्या फोडल्या होत्या. बरणी कोपऱ्यात मांडून मिरवायची असेल तर हेही मांडा.

पागोळी :
प्रत्येक गोष्टीत हे आणायलाच हवं का? सोवळ्यामागे स्वच्छताच होती. ओला हात लागला की बुरशी धरते, हे आमच्या आजीलाही कळत होतं. तिच्या हातचं लोणचं तीन वर्षं टिकायचं.

धाकटी सून :
ओला हात पुरुषांचाही असतो. माझे सासरे आंघोळीआधी चमचा घालायचे, त्यांना कुणी अडवलं नाही. स्वच्छता असती तर नियम हातांचा असता, बाईचा नसता. तुमच्या आजींना त्या चार दिवसांत कुठे बसवायचे, तेवढं सांगा.

पागोळी :
मागच्या पडवीत. पोत्यावर. मी लहान होतो, मला वाटायचं आजीला सुट्टी आहे. तुमचा सूर मला आवडलेला नाही, पण हे खोटं म्हणता येणार नाही.

खापर :
पुण्यात केळकर संग्रहालयात रोजच्या वापरातली भांडी बघताना बायको हेच म्हणाली होती, वस्तू आहेत, वापरणारीची पाठदुखी कुठे लिहिली आहे? मी तेव्हा वाद घातला होता.

माजघर :
धागा कुठल्या कुठे गेला. पण धाकटी सून, तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझ्या आईनेही मला त्या दिवसांत बरणीपासून लांब ठेवलं होतं. मला फक्त फोडींचा वास आठवत होता, ते नाही. माझ्या सुनेला मी कधी अडवलं नाही, एवढंच सांगू शकते.

खापर, हात फिरवून बघितला. गुळगुळीत आहे, खड्डे नाहीत. मिठाची नाही, मान्य.

शेंडेफळ, चीर होती हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. ती पोस्ट वाचून आता लोक धड बरण्यांना भोकं पाडतील. धड बरणी फोडायची नाही, यावर मी ठाम आहे. पाझरणारीचं तुमचं तुम्ही बघा.

शेंडेफळ :
फोटोखाली चिरेचं लिहिलं आत्ताच. तुमच्यासाठी नाही, धड बरण्यांसाठी.

एक विचारायचं होतं. शेडमुळे झाकण रिकामं पडलंय, मूठ शाबूत आहे. कुणाला लागणार असेल तर देईन.

माजघर :
माझ्या बरणीचं झाकण २००५ च्या पुरात गेलं, तेव्हापासून ताटली ठेवते. झाकणाची आतली कड मोजून सांगा. साडेपाच इंच असेल तर मी येऊन घेऊन जाईन.

शेंडेफळ :
साडेपाचला एक दोरा कमी. या, लावून बघू. येताना लोणचं आणा.

माजघर :
दिव्याबद्दलचं मत बदललेलं नाही. रविवारी येते.