हिवाळ्यात उभ्या गाडीचे ब्रेक गंजतात, काय करावं?

मिसिसागाकर:
टोरांटोजवळ राहतो. २०१८ची पेट्रोल सेडान, चारही चाकांना डिस्क, मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक. घरून काम असल्यामुळे आठवड्यातून एकदा किराणा, तोही तीन किलोमीटरवर. गेल्या मार्चमध्ये मागच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलावे लागले, गाडी जेमतेम ३२ हजार किलोमीटर झालेली. डाव्या चाकाचा आतला पॅड पार संपला होता, बाहेरचा अर्धाही झिजला नव्हता. गॅरेजवाल्याचा सल्ला एवढाच, की गाडी चालवत जा.
यंदा डिसेंबरच्या मध्यापासून सहा आठवडे भारतात, म्हणजे गाडी ड्राइव्हवेत उभी. डिस्कवर तेलाचा फवारा मारून ठेवला तर चालेल का? कव्हर घालावं का?

पाना_नं_१४:
आधी फवाऱ्याचं: अजिबात नको. डिस्कवरचं तेल पॅड शोषून घेतो आणि तो पॅड कितीही धुतला तरी पुन्हा धड पकडत नाही, फेकूनच द्यावा लागतो.
आता खरा मुद्दा. डिस्क ओतीव लोखंडाची, एका ओल्या रात्रीत नारिंगी होणारच. तो गंज तीन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची काळजी नको. तुमच्या गाडीचं दुखणं वेगळं आहे. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅड दाबणारा चिमटा, दोन स्लाइड पिनांवर सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि पिना मोकळ्या असतील तरच कॅलिपर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. आतला संपला, बाहेरचा शाबूत, म्हणजे पिना किंवा बाहेरच्या पॅडचे कान (कडेची टोकं) ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीत, जाम झाले होते. नवीन डिस्क टाकताना ते साफ केलं नसेल, तर ह्या डिस्कचीही तीच गत होईल.
हिवाळी टायर चढवताना चाकं निघतातच, तेव्हाच हे काम उरकायचं. इलेक्ट्रिक ब्रेक सर्व्हिस मोडला टाकायचा, म्हणजे मोटर स्क्रू मागे घेऊन पिस्टन मोकळा सोडते. त्याशिवाय मागचा पिस्टन क्लॅम्पने दाबायचा नाही, मोटर आणि स्क्रू दोन्ही जातात. कॅलिपर काढल्यावर तारेने टांगून ठेवा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. पिना ब्रेक क्लीनरने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. साधं पेट्रोलियम ग्रीस नको, त्याने पिनेवरचं रबर फुगतं आणि पीन आणखीच अडकते. वरची-खालची पीन पुष्कळदा वेगळी असते, अदलाबदल करू नका.
मग ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिपा उचकटा. खाली गंजाचे पोपडे दिसतील. लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, त्यामुळे तो क्लिपेला खालून उचलतो आणि पॅड आवळला जातो. वायर ब्रश आणि कानशीने चकचकीत धातू लागेपर्यंत घासा, क्लिपा नव्या घाला. पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडी लागत असेल, तर घासणं अपुरं आहे. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

बर्फाळलेला:
वरच्याला +१. चालवण्याबद्दल थोडं.
तीन किलोमीटरची फेरी न चालवण्यापेक्षा वाईट. डिस्क ओली होते, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ लागतं, पण सुकण्याइतकी तापत नाही. आणि ते मीठ काय करतं हे कोकणातल्या स्वयंपाकघराला विचारा: पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच इथे चाकात होतं. हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की साधं मीठ पाझरायला लागतं. रस्त्यावरच्या मिठात कॅल्शियम क्लोराइड असेल, तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ते ओलंच राहतं.
आठवड्यातून एकदाच काढायची तर २०-२५ मिनिटं, रस्ता कोरडा असेल त्या दिवशी. शेवटच्या टप्प्यात मागे कोणी नाही बघून ६०वरून २०वर आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावा. पुढे जाताना बहुतेक भार पुढच्या ब्रेकवरच पडतो, म्हणून मागचे आधी गंजतात. त्यावर उपाय: रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्समध्ये १०-१५च्या वेगाने जाऊन पाच-सहा वेळा ब्रेक. आता भार मागच्या चाकांवर येतो.

मिसिसागाकर:
धन्यवाद, पिनांचं कोणी सांगितलंच नव्हतं. जाण्याआधी धुवायची की नाही? आणि पार्किंग ब्रेक लावून जायचं की सोडून?

पाना_नं_१४:
धुवायची, पण जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तापमान शून्याच्या वर असताना. चाकाच्या आरांमधून आणि शक्य तितकं आतल्या बाजूनेही पाणी मारा. धुऊन तशीच उभी केलीत तर पॅड डिस्कला गोठून चिकटेल, म्हणून लगेच अर्धा तास फिरवून वर सांगितलेले आठ-दहा ब्रेक घ्या आणि कोरडी करून लावा.
पार्किंग ब्रेक सोडूनच ठेवा. चढावर हँडब्रेक खस्सकन ओढायची आपली सवय इथे महागात पडते: सहा आठवडे आवळलेला पॅड डिस्कवर स्वतःच्या आकाराचा ठसा गंजाने उठवतो. सपाट जागा, P, आणि चाकाला पुढे-मागे दोन्हीकडून ठोकळे. काही गाड्या इंजिन बंद करताच ब्रेक आपोआप लावतात, तो कसा सोडायचा ते मॅन्युअलमध्ये बघा.
बॅटरीवर मेंटेनर (ती चार्ज ठेवणारा छोटा चार्जर) लावून जा. बॅटरी बसली की लागलेला इलेक्ट्रिक ब्रेक बटणाने सुटत नाही. जमिनीपर्यंत लोळणारं प्लॅस्टिकचं कव्हर नको, खालची ओल अडकून राहते.

हायब्रिडवाली:
धागा वाचणाऱ्या हायब्रिडवाल्यांसाठी: आपल्या गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, त्यामुळे वरच्या आठ-दहा ब्रेकांनी डिस्क घासली जाईलच असं नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये N ला टाकलं की रीजेन (मोटरने वेग कमी करणं) बंद होतं आणि पॅड खरोखर दाबला जातो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, ४०च्या आत.

बर्फाळलेला:
परत आल्यावरचं राहिलं. गाडी हलत नसेल तर ॲक्सिलरेटर दाबून ओढू नका, पॅडचा थर पत्र्यावरून सुटून येतो. D आणि R मध्ये आलटून-पालटून हलकेच जोर द्या, 'टक्' आवाज होऊन सुटेल. उकळतं पाणी ओतू नका, अर्ध्या तासात तेच पाणी गोठतं. पहिले एक-दोन किलोमीटर खरखर चालेल. पन्नासेक ब्रेकनंतरही वेगाच्या तालात धप-धप लागत असेल, तर डिस्कवर खड्डे पडलेत. जाडी मोजा, किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. आणि त्या फेरीनंतर चारही चाकांजवळ हात न लावता तळवा धरून बघा. मागच्या दोघांत एक स्पष्टपणे जास्त गरम असेल, तर त्या बाजूची पीन पुन्हा अडकली आहे.