सुभद्रा आज तरी येणार का?

मडगावकार:
'सौभद्र' या संगीत नाटकात सुभद्रा करणाऱ्या बाईंबद्दल काल एका सद्गृहस्थांनी इथे लिहिलं, 'बाईंचा गळा दैवी, चार प्रयोग चुकले तर काय बिघडलं?' काय बिघडलं ते ऐका. भर पावसात आईला घेऊन फोंड्याला 'सौभद्र' बघायला गेलो. तिसरी घंटा झाल्यावर निवेदन, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे बदली कलाकार'. जाहिरातीत मात्र फोटो बाईंचाच! १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाला बालगंधर्व पोटची मुलगी गेली त्याच दिवशी उभे राहिले होते.

जत्रेतली सुभद्रा:
त्यांच्यावर काय गुदरलं असेल ते त्यांनाच ठाऊक, आणि आपण शंभर वर्षं तो दाखला प्रत्येक बाईच्या डोक्यात घालतोय! मी जत्रेच्या नाटकांत पहाटेपर्यंत गायलेय. घसा बसला की 'वद जाऊ कुणाला शरण' कसं निघतं ते विचारा मला.

मडगावकार:
आणि ज्या रात्री येतात त्या रात्री तरी काय? ताना मोप. यतिवेषातला अर्जुन समोर, नि बाईंची नजर पहिल्या रांगेत!

जत्रेतली सुभद्रा:
शब्द किती स्वच्छ लागतो, ते ऐकलंत का?

ऑर्गनवाला:
शब्द स्वच्छ, कबूल. पण साथीला कीबोर्ड! भात्याच्या वाद्याला दम असतो, तो बटणात कुठला?

मडगावकार:
विषय बाईंचा चाललाय, बाब.

ऑर्गनवाला:
विषय नाट्यसंगीताचा आहे. आमचा ऑर्गन पावसाळ्यात सर्द होतो, सूर लावून देणारा माणूस शोधत फिरावं लागतं. वर समिती म्हणते, टेम्पोचं भाडं परवडत नाही. मांडवाला, जेवणावळीला परवडतं!

कीबोर्डवाला:
मग पाठीवर घेऊन या. दुपारी पेडणे, रात्री काणकोण, तेवढ्यात गायिकेची पट्टी बदललेली. एक बटण दाबून निभावतो मी. तुम्ही तुमच्या काळी दोनच्या पट्टीवरून हलणार का?

ऑर्गनवाला:
हलायला स्वरज्ञान लागतं, बटण नाही.

कीबोर्डवाला:
बोला की! बदलीवाल्या पोरीला त्या रात्री ऐन वेळी मीच सांभाळलं. तालमीविना उभी राहिली ती, त्याबद्दल एकही अक्षर नाही कुणाचं.

जत्रेतली सुभद्रा:
हे मात्र खरं.

मडगावकार:
पोरगी बरी गायली, नाही म्हणत नाही. बाईंनाही आजारी पडायचा हक्क बहाल केला, खूश? मग जाहिरातीत दोघींचे फोटो छापा, नाहीतर पैसे परत द्या.

ऑर्गनवाला:
आणि साथीला कोण, तेही छापा.