विषय: रे: रे: लातूरच्या घराचे पडदे, दांडा की ट्रॅक? (तातडीचं)

लातूरची सून:
मंडळी, तिकडे उद्या सकाळी मिस्त्री येतोय म्हणून घाईत लिहितेय. सासूबाईंच्या हॉलची खिडकी साडेसात फुटी. उन्हाळ्यात दांडा गिट्टीसकट (स्क्रूसाठी भिंतीत घालतात ती प्लास्टिकची खुंटी) निघाला, सोबत हातभर प्लास्टर. पडद्याला लोंबकळायला घरात लेकरंही नाहीत. दुकानदार म्हणतो जाड दांडा न्या, भाऊजी म्हणायलेत ट्रॅक लावा, म्हणजे पडदा आतून सरकतो ती खाचेची पट्टी. पश्चिमेचं ऊन थेट दिवाणावर येतं, तेव्हा आत जाळीचा आणि वर जाड असे दुहेरी पडदे हवेतच. काय घेऊ?

उदगीरकर काका:
सूनबाई, दांड्याचं नंतर बघू, निघालेला स्क्रू किती लांब होता ते सांगा. इंचाचा असेल तर तो भिंतीत नव्हताच, प्लास्टरमध्ये होता; आपल्याकडे प्लास्टरच अर्धा-पाऊण इंच असतं. त्यात दुहेरी ब्रॅकेट भिंतीपासून जितका पुढे येतो, तितका वरचा स्क्रू जास्त ओढला जातो. खिडकीवरचा लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना साधारण सहा इंच भिंतीत गेलेला असतो. ब्रॅकेट त्या काँक्रीटमध्ये बसवा. मिस्त्री टाळतात, कारण साध्या ड्रिलनं तिथं भोक पडत नाही, मग वर सरकून विटांच्या सांध्यात ठोकून मोकळे. हॅमर ड्रिल, ८ मिमीचा बिट, ८ चीच गिट्टी, दोन इंची स्क्रू. भिंत पांढऱ्या हलक्या ब्लॉकची असेल तर मात्र हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि लांब नायलॉनची गिट्टी घालायची.

खजिनदार:
ही लिस्ट मंडळाच्या कामांसाठी आहे याची नम्र आठवण. हॅमर ड्रिलचा विषय निघालाच आहे तर, मंडळाची ड्रिल कुणाकडे आहे? मखर सोडवल्यापासून दिसली नाही. वहीत कुणाची सही नाही.

बीडच्या ताई:
काका, लिंटेलचं पटलं, पण दांडा कशाला? साडेसात फुटांना मधला ब्रॅकेट लागणारच, नाहीतर पोटात झुकतो. आयलेट (पडद्याच्या वरच्या कडेला ठोकलेल्या कड्या) काही त्या ब्रॅकेटवरून सरकत नाहीत, म्हणजे डावा पडदा कायम डावीकडेच. ट्रॅकला दर दीड-दोन फुटांवर स्क्रू असतो, वजन वाटलं जातं, पडदा अडकवायचे रनर कुठं अडत नाहीत. छताला लावायचा तर स्लॅबमध्येच, पीओपीच्या खोट्या छताला अजिबात नको. माझ्या माहेरी हिमरूचे (रेशीम-सुताचं नक्षीदार विणलेलं कापड) पडदे ट्रॅकवरच होते, काय रुबाब होता!

औरंगपुऱ्याचा:
हिमरू खिडकीला?? ताई, त्याच्या मागच्या बाजूला धागे मोकळे लोंबतात, ग्रीलच्या कोपऱ्यात अडकले की नक्षीच ओढली जाते. अस्तर हवंच. आणि आयलेट कुणीही ठोकू नका, सरळ कापड कापलं जातं.

औशाचे दादा:
तुमचं बरंय, लिंटेल तरी आहे. आमच्या वाड्याची भिंत दगडमातीची, दोन हात जाड. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) माळवद (मातीचं सपाट छत) उतरवून पत्रे टाकले, भिंती त्याच. भोक पाडलं की माती भुरुभुरु गळते, गिट्टी बोटानं बाहेर येते. चौकटीला दांडा मारावा तर झडपा आत उघडतात आणि पडद्याला गुंडाळून घेतात. शेवटी खिडकीच्या कोनाड्याच्या डोक्यावर जी सागवानी फळी आहे, तिच्या आतल्या कडेला खालून ब्रॅकेट मारले. लाकडात गिट्टीची कटकटच नाही. झडपाही मोकळ्या. आई मात्र अजून म्हणतीय, धोतराचं पान बांधलं असतं तरी भागलं असतं.

लातूरची सून:
काका, स्क्रू सव्वा इंचीच निघाला! लाल विटांची भिंत आहे. ताई, दुकानात ट्रॅक पाहिले, पण सासूबाईंना दांडाच हवा, 'दवाखान्यासारखं दिसतं' म्हणतात. मग दांडा, मधला ब्रॅकेट आणि डावा-उजवा पडदा. दांडा स्टीलचा आहे का ते चुंबक लावून कळेल ना? की इकडूनच एकात एक सरकणारा नेऊ?

उदगीरकर काका:
चुंबक घट्ट चिकटलं तर बहुधा चकचकीत मुलामा दिलेलं लोखंड. नाही चिकटलं तरी ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील असेलच असं नाही, २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही सहसा चिकटत नाही. घरात दोन्ही चालतात. सरकणारा नेऊ नका, सांध्याच्या पायरीवर आयलेट रोज अडतील. आणि मिस्त्रीला हॅमर ड्रिल आणायला आत्ताच फोन करा, आल्यावर सांगितलं तर 'उद्या आणतो' म्हणेल.

बीडच्या ताई:
दवाखान्यासारखं?! वरून झालर लावली की ट्रॅक दिसतसुद्धा नाही. असो. सासूबाईंचं घर.

औरंगपुऱ्याचा:
खजिनदार, ड्रिल माझ्या गॅरेजमध्ये आहे. चार्जर मखराच्या खोक्यात असणार आणि त्या खोलीची किल्ली तुमच्याकडे.