उत्तर: ‘फी माफ’ असूनही कॉलेज पैसे का मागतं?

प्रश्न असा आहे की महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींची फी माफ झाली, तरी कॉलेज पैसे का मागतं. राज्य सरकारच्या २०२४-२५ पासूनच्या निर्णयात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढंच शंभर टक्के माफ आहे. वसतिगृह, मेस, डिपॉझिट त्यात येत नाहीत. उत्पन्नाची अट आठ लाखांची, प्रवेश कॅप (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली, हे प्रवेशाआधीच लक्षात ठेवा.

खरी अडचण महाडीबीटीवर, म्हणजे अशा सवलतींसाठीच्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, अर्ज भरल्यानंतर येते. बँकेत आधार ‘लिंक’ असणं पुरेसं नाही, एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) सीडिंग, म्हणजे आधारवरचे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जमा करायचे याची नोंद, लागतं, आणि ते एका वेळी एकाच खात्याला होतं. नवं खातं उघडताना या सीडिंगच्या संमतीची खूण केली असेल तर पैसे त्या नव्या खात्याकडे वळतात. माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा, बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसलंच पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचाच द्या, पगारपत्रक चालत नाही. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज कृपया विसरू नका, तो आपोआप होत नाही!